तुकोबारायांची शरणागती : इंद्रायणीतील दोन समर्पणे

आज फाल्गुन वद्य द्वितीया. होळीचा अग्नी शांत झाला, धुळवड सरली आणि देहू क्षेत्री इंद्रायणीच्या तीरावर वैष्णवांचा मेळा दाटला आहे. माध्यान्हीच्या सुमारास कीर्तनाचा गजर टिपेला पोहोचेल, नांदुरकीच्या वृक्षाकडे सहस्रावधी नेत्र लागतील, पुष्पवृष्टी होईल आणि श्रीतुकाराममहाराजांच्या वैकुंठगमनाचा तो क्षण पुन्हा एकवार सर्वांच्या अंतःकरणात उभा राहील. ज्यांना देहूस जाणे घडत नाही ते आपापल्या गावच्या विठ्ठलमंदिरात, नाहीतर घरच्या देव्हाऱ्यापुढे बसून तुकोबारायांचे स्मरण करतील. अशा या पुण्यदिनी त्यांच्या चरित्राचे चिंतन एका विशिष्ट अंगाने करावे, असा या लेखाचा संकल्प आहे. ते अंग म्हणजे शरणागती.

शरणागती हा शब्द आपल्या जिभेला फार सुलभ झाला आहे. सांजवात लावताना, आरतीनंतर हात जोडताना आपण देवाला शरण आल्याचे सांगतो आणि उठून आपल्या कामास लागतो. परंतु चंद्रभागेच्या वाळवंटात चाळीस वर्षे कीर्तनसेवा करीत असताना एक प्रश्न या लेखकास पुन्हा पुन्हा भेटला आहे. कीर्तन संपते, अबीरबुक्का लावून मंडळी पांगू लागतात आणि एखादी माउली मागे रेंगाळते. तिचा तरुण मुलगा गेलेला असतो, किंवा संसार उधळलेला असतो. जन्मभर मी देवाला शरण होते, मग माझ्याच वाट्याला हे का, एवढेच तिला विचारावयाचे असते. या प्रश्नापुढे न्याय आणि वेदान्त यांचे ग्रंथ मिटून ठेवावे लागतात. त्याचे उत्तर मिळालेच तर ते एखाद्या संताच्या जीवनातच मिळते.

शरणागतीची सहा अंगे

पांचरात्र आगमांनी शरणागतीची सहा अंगे सांगितली आहेत. भगवंताला जे रुचेल ते करण्याचा संकल्प हे पहिले. त्याला जे रुचणार नाही त्याचा त्याग हे दुसरे. तो रक्षण करीलच हा दृढ विश्वास हे तिसरे, आणि रक्षक म्हणून त्याची निवड करणे हे चौथे. स्वतःला त्याच्या स्वाधीन करून टाकणे, ज्यास शास्त्रकार आत्मनिक्षेप म्हणतात, हे पाचवे. आणि आपल्यापाशी काहीही सामर्थ्य नाही याची प्रामाणिक जाणीव, म्हणजे कार्पण्य, हे सहावे. श्रीरामानुजाचार्यांच्या परंपरेने या विचारास मोठा विस्तार दिला. पुढे त्याच परंपरेत दोन दृष्टान्त रूढ झाले. वानरीचे पिल्लू आईच्या पोटाला स्वतः घट्ट बिलगून राहते. मांजरीचे पिल्लू काहीच करीत नाही, त्याची आईच त्याला तोंडात धरून नेते. भक्ताने देवाला धरावयाचे, की देवाने भक्ताला धरले आहे हे ओळखून निवांत व्हावयाचे, असा हा मर्कटन्यायाचा आणि मार्जारन्यायाचा विचार आहे.

हे सर्व पाठशाळेत शिकता येते आणि प्रवचनात सांगताही येते. परंतु पाचवे अंग, म्हणजे आत्मनिक्षेप, प्रत्यक्ष जगताना किती कठीण आहे, हे देहूच्या एका वाण्याच्या चरित्राने जितके स्पष्ट होते तितके ते भाष्यग्रंथांनी होत नाही.

दुष्काळाने हिरावलेला संसार

तुकोबारायांचा जन्म शके १५३० मध्ये, म्हणजे इसवी सन १६०८ मध्ये झाला, असे बहुधा मानले जाते. कुळ मोरे, आडनाव आंबिले, जात कुणब्याची आणि व्यवसाय वाण्याचा. पेठेची महाजनकी घराण्यात होती, सावकारी होती, शेती होती. त्यांचे पूर्वज विश्वंभरबाबा हे पंढरीचे निस्सीम वारकरी. त्यांच्या भक्तीस्तव विठ्ठल देहूस आला आणि आंब्याच्या वनात मूर्तिरूपाने प्रकटला, अशी घराण्याची श्रद्धा. पिता बोल्होबा आणि माता कनकाई यांच्या पोटी सावजी, तुकाराम आणि कान्होबा असे तीन पुत्र झाले. थोरले सावजी मुळातच विरक्त असल्याने प्रपंचाचा भार कोवळ्या वयात मधल्या तुकारामांवर आला, आणि त्यांनी तो काही काळ उत्तम रीतीने वाहिलाही.

पुढे मात्र एकामागून एक आघात झाले. तुकोबा सतरा वर्षांचे असतील नसतील तोच आईवडिलांचे छत्र हरपले. सावजींची पत्नी वारली आणि ते घर सोडून तीर्थाटनास निघून गेले. त्यानंतर इसवी सन १६३० च्या सुमारास दख्खनच्या इतिहासातील एक भयंकर दुष्काळ पडला. पावसाने पाठ फिरवली, धान्य सोन्याच्या मोलाने विकू लागले, गुरे मेली, गावे ओस पडली. देहूच्या या सावकाराचे दिवाळे निघाले आणि समाजातील पत गेली. थोरली पत्नी रखुमाबाई आधीच दम्याने जर्जर होती. ती अन्नान्न करीत गेली. तिच्या मागोमाग लहानगा पुत्र संतोबाही गेला.

देवघरी पिढ्यान्पिढ्या विठ्ठलाची सेवा असलेल्या घरावर हे ओढवले, हे येथे नीट ध्यानात घ्यावे. वारी चुकलेली नव्हती, नैवेद्य चुकलेला नव्हता. शरणागती म्हणजे संकटाविरुद्धचा विमा असता, तर तो या घरास सर्वांआधी मिळावयास हवा होता. तुकोबांनी आपल्या आत्मपर अभंगांतून या दिवसांचे कथन केले आहे आणि त्यात काहीही लपविलेले नाही. पत्नीच्या मृत्यूची लाज वाटली, व्यवहारात खोट आलेली पाहून मन विटले, हे त्यांनी मोकळेपणी सांगितले आहे. सहावे अंग जे कार्पण्य, ते त्यांच्या ठायी असे अनुभवातून उतरले. आपल्या हाती काही नाही, हे त्यांना दुष्काळाने शिकविले.

पहिले समर्पण

त्या दुःखातून तुकोबा वळले ते पूर्वजांच्या विठ्ठलाकडे. देहूचे देऊळ मोडकळीस आले होते. त्याचा जीर्णोद्धार करावा असे त्यांच्या मनाने घेतले आणि त्यांनी तो केला. एकादशीस कीर्तनाला उभे राहू लागले. आरंभी अभ्यास नव्हता, म्हणून संतांची वचने विश्वासाने पाठ केली आणि पुढे गाणाऱ्यांच्या मागे ध्रुपद धरले. भंडारा आणि भामचंद्र हे देहूच्या परिसरातील डोंगर त्यांच्या एकांताची स्थाने झाली. भामचंद्राच्या डोंगरावर पंधरा दिवस ते निर्वाण मांडून बसले आणि तेथे त्यांना साक्षात्कार झाला, असे परंपरा सांगते. धाकटा बंधू कान्होबा त्यांना शोधीत तेथे पोहोचला आणि दोघे इंद्रायणीच्या काठी आले.

तेथे जे घडले ते महिपतीबोवांनी मोठ्या प्रेमाने वर्णिले आहे. घरातील सावकारीची खते तुकोबांनी मागवून घेतली. दुष्काळात नागविलेल्या लोकांकडून येणे असलेल्या रकमांचे ते कागद. त्यांनी त्यांचे दोन भाग केले. एक भाग कान्होबाच्या हाती ठेवला, कारण त्याला त्याचा संसार होता आणि त्याच्या वाट्यावर आपला अधिकार नव्हता. दुसरा भाग, जो स्वतःचा, तो त्यांनी इंद्रायणीच्या डोहात सोडून दिला. गावातील कित्येक कुळे त्या दिवशी ऋणमुक्त झाली. धनको स्वतः मात्र त्याहून अधिक मुक्त झाला.

हे पहिले समर्पण. त्याचे मोल थोडे नाही. परंतु विवेकी वाचकाच्या ध्यानात येईल की, या घटकेस तुकोबांचे मन धनावरून आधीच उडालेले होते. ज्यातून मन निघाले ते हातातून सोडणे हे वैराग्य खरे. तरी शरणागतीची पूर्ण कसोटी त्यात लागत नाही. ज्यात मन गुंतले आहे, जे देवाचेच म्हणून जपले आहे, ते सोडण्याचा प्रसंग अद्याप यावयाचा होता.

वाणीचा प्रसाद

माघ शुद्ध दशमी, गुरुवार या दिवशी बाबाजी चैतन्यांनी स्वप्नात मस्तकी हात ठेवून तुकोबांस रामकृष्णहरी हा मंत्र दिला. दुसऱ्या एका स्वप्नात नामदेवराय पांडुरंगास समवेत घेऊन आले आणि आपल्या संकल्पातील उरलेले अभंग पूर्ण करण्याची आज्ञा त्यांनी केली. तेव्हापासून त्यांच्या मुखातून अभंगवाणी स्रवू लागली. ही वाणी आपली नव्हे, बोलविता धनी वेगळा आहे, ही तुकोबांची धारणा होती. त्यामुळे वह्यांत उतरलेल्या त्या शब्दांवर त्यांचे जे प्रेम जडले, ते आपल्या कवित्वावरचे प्रेम नव्हते. देवाने दिलेला प्रसाद ते जपीत होते.

घरी मात्र दुसरी पत्नी जिजाबाई, जिला लाडाने आवली म्हणत, मुलांच्या तोंडी घास घालण्यासाठी झटत होती. पुण्याच्या सावकाराची ती लेक. तिच्या तोंडाळपणाच्या कथा आपण हसत सांगतो, परंतु भंडाऱ्याच्या चढणीवर पतीसाठी भाकरी घेऊन जाणारीही तीच होती, हे विसरता कामा नये. तुकोबांच्या शरणागतीचा बराचसा भार तिने वाहिला आहे.

कीर्तनाची कीर्ती पसरली. चाकणचे संताजी जगनाडे आणि तळेगावचे गंगाराम मवाळ यांसारखे टाळकरी मागे उभे राहू लागले. कीर्तीबरोबर मत्सरही आला. देहूत राहणाऱ्या मंबाजी गोसाव्याने काटेरी फांदीने तुकोबांस झोडपले. त्याच दिवशीच्या कीर्तनास मंबाजी आला नाही, तेव्हा तुकोबा स्वतः त्याच्या घरी गेले आणि मारून दुखावलेले त्याचे हात त्यांनी चेपून दिले.

दुसरे समर्पण

वाघोलीचे रामेश्वरभट्ट हे वेदशास्त्रसंपन्न विद्वान. शूद्राच्या मुखातून वेदार्थ प्रकट होतो आणि ब्राह्मणही त्याच्या पाया पडतात, हे त्यांना सहन झाले नाही. अधिकाऱ्यांकरवी तुकोबांस देहूतून घालविण्याची खटपट झाली. तुकोबा स्वतः भट्टांपाशी गेले. यापुढे कवित्व करू नये आणि जे झाले ते पाण्यात बुडवावे, असा निर्णय त्यांना मिळाला. तुकोबांनी वाद घातला नाही. वह्या एकत्र केल्या, त्यांस दगड बांधले आणि ज्या इंद्रायणीत पूर्वी खते सोडली होती, तिच्यातच त्या सोडून दिल्या.

चरित्रकार सांगतात की, त्या वेळी निंदकांनी त्यांस फार टोचून बोलले. पूर्वी याने प्रपंच बुडविला, आता परमार्थही बुडविला. आता याच्यापाशी उरले काय, असा त्या बोलण्याचा भाव होता. तो घाव वर्मी बसला. खते बुडविताना शांत राहिलेले तुकोबा वह्या बुडविल्यावर व्याकुळ झाले. शब्द देवाचे होते, तर देवाने ते बुडू कसे दिले? आणि ते देवाचे नव्हतेच, तर आजवर आपण केले ते काय? या प्रश्नाने ज्याचा जीव कासावीस झाला नाही, त्यास शरणागतीचा अर्थ अजून कळावयाचा आहे. विठ्ठलमंदिरापुढील एका शिळेवर तुकोबांनी अंग टाकले. अन्न नाही, पाणी नाही. एकामागून एक दिवस गेले आणि असे तेरा दिवस लोटले. त्या मुदतीतील अभंगांत त्यांनी देवाशी कडाक्याचे भांडण मांडले आहे. तेराव्या दिवशी वह्या कोरड्या वर आल्या, अशी वारकरी संप्रदायाची श्रद्धा आहे. पुढे देहूस येऊन तुकोबांची शिष्या झालेल्या संत बहिणाबाईंच्या अभंगांतही या तेरा दिवसांचा उल्लेख आहे. ती शिळा देहूच्या मंदिरात आजही पूजिली जाते.

आपण कथा येथे थांबवतो आणि जयजयकार करतो. परंतु खरे मर्म पुढेच आहे. वह्या परत मिळाल्यावर तुकोबांनी जे अभंग रचले त्यांत विजयाचा लवलेशही नाही. त्यांत आहे ती लाज. लोकांच्या बोलण्याने मी दुखावलो आणि त्यासाठी देवाला वेठीस धरले. त्याला माझ्यासाठी पाण्यात उभे राहून कागद राखावे लागले. माझा विश्वास कमी पडला, म्हणून मी त्याची परीक्षा पाहिली, अशा आशयाने ते स्वतःलाच अपराधी ठरवितात. यापुढे कोणी मानेवर सुरी ठेवली तरी देवाला असे शिणवणार नाही, हा त्यांचा निर्धार आहे.

तेरा दिवस त्या शिळेवर पडलेले तुकोबा हे वानरीच्या पिल्लासारखे होते. त्यांनी देवाला घट्ट धरले होते, हट्टाने धरले होते. चौदाव्या दिवशी उठलेल्या तुकोबांस कळून आले की, आपण धरण्याआधीपासून आपल्याला कोणी तरी धरून ठेवले होते. वह्या पाण्यात होत्या तेव्हाही त्या त्याच्याच हाती होत्या. मग त्या वर येणे आणि न येणे यांत भेद काय राहिला? पहिल्या वेळी त्यांनी धन दिले. दुसऱ्या वेळी दिलेल्या दानाविषयीचे गाऱ्हाणे दिले, त्यावरील हक्क दिला. आत्मनिक्षेप पुरा झाला तो येथे, असे या लेखकास वाटते.

विद्वानाची शरणागती

या प्रसंगात आणखी एक शरणागत आहे आणि त्याच्याविषयी लिहिताना शास्त्राध्ययनात आयुष्य घालविलेल्या या लेखकास आपल्याच घरातील गोष्ट सांगितल्यासारखे होते. रामेश्वरभट्टांच्या अंगाचा दाह होऊ लागला आणि तो कोणत्याही उपायाने शमेना. त्यांनी आळंदीस जाऊन ज्ञानेश्वरमाउलींच्या समाधीपाशी अनुष्ठान केले. तुकोबांस शरण जा, असा दृष्टान्त त्यांस झाला. इकडून तुकोबांनीही शत्रुमित्रभाव विरून जावा अशा आशयाचा अभंग लिहून त्यांच्याकडे पाठविला. तो वाचला आणि दाह निमाला, असे चरित्रे सांगतात. पुढे हेच रामेश्वरभट्ट तुकोबांच्या कीर्तनात मागे उभे राहू लागले. आज गावोगावच्या मंदिरांत तुकाराममहाराजांची जी आरती म्हटली जाते, ती त्यांच्याच नावावर आहे. ज्याने वह्या बुडविण्यास सांगितले त्याच्याच शब्दांनी आज आपण तुकोबांस ओवाळतो.

धन सोडणे कठीण, त्याहून आपली कीर्ती सोडणे कठीण आणि त्याहूनही आपण शहाणे आहो हा समज सोडणे कठीण. भट्टांनी तो सोडला. विद्येचा अधिकार जन्मावरून मोजणाऱ्यांपैकी एक, त्याच मोजमापाने ज्याला दूर लोटले त्याच्या चरणी आला. आम्हा पोथीवाल्यांनी हा धडा वर्षातून एकदा तरी स्वतःस वाचून दाखवावा.

उरलेले शब्द

शके १५७१, इसवी सन १६५० च्या फाल्गुन वद्य द्वितीयेस तुकोबारायांनी वैकुंठास प्रयाण केले, असे परंपरा मानते. त्यांच्या पश्चात जन्मलेले पुत्र नारायणमहाराज यांनी इसवी सन १६८५ मध्ये ज्ञानेश्वरमाउलींच्या आणि तुकोबांच्या पादुका पालखीत ठेवून पंढरीच्या वारीस सोहळ्याचे रूप दिले. बुडविलेल्या वाणीचे पुढे काय झाले, तेही पाहण्याजोगे आहे. टाळकऱ्यांनी ती कंठात आणि वह्यांत जपली. देहूत राखलेल्या एका जुन्या हस्तलिखितास भिजकी वही असेच नाव पडले आहे. इसवी सन १८६९ आणि १८७३ मध्ये मुंबई सरकारच्या साहाय्याने गाथेचे दोन भाग छापून निघाले. त्यांत साडेचार हजारांहून अधिक अभंग आहेत. वैकुंठगमनास तीनशे वर्षे झाली तेव्हा, १९५० मध्ये, सरकारने गाथा पुन्हा प्रसिद्ध केली. राखणाराने ते शब्द असे राखले.

आता त्या वाळवंटात मागे रेंगाळलेल्या माउलीकडे वळू. तिला काय सांगावे? गेलेला परत येईल, असे तुकोबांचे चरित्र सांगत नाही. वह्या वर आल्या, परंतु रखुमाबाई आल्या नाहीत, संतोबाही आला नाही. शरण गेलेल्याचे काही हरवत नाही, असेही ते सांगत नाही. ते इतकेच सांगते की, हरवल्यावर देवाच्या दारी जाऊन भांडण्याचा अधिकार शरणागतास आहे. तेरा दिवस त्याच्या उंबऱ्याशी पडून राहण्याचाही आहे. तुकोबांस त्याने रागे भरून हाकलले नाही. मात्र उंबरा सोडून जाऊ नये. भांडण संपले की हळूहळू उमगते, आपले म्हणून जे जे होते ते त्याच्याच हाती होते आणि आजही तेथेच आहे.

द्वितीयेस आपल्याकडे बीज म्हणतात. मातीत पुरलेले बीजही पाहणाऱ्याला हरवल्यासारखेच दिसते. आज दुपारी देव्हाऱ्यापुढे तुकोबारायांचे नाव घेताना प्रत्येकाने आपापली एक वही मनोमन त्या इंद्रायणीत सोडावी आणि ती वर येते की नाही हे पाहण्यासाठी मागे वळू नये. एवढे घडले तरी आजची बीज आपल्या घरी साजरी झाली, असे समजावे.